नाव काढणं

शनिवारी आमच्या गावात नव्वद हजार माणसं येतात.
गाव अठरा हजारांचं.
मोटेलवाली रूबी सत्तरची खोली चारशेला देते,
चर्च आपल्या अंगणात गाडीमागे चाळीस डॉलर घेतं,
आशीर्वाद वर फुकट.

मी स्टेडियमच्या पोटात बसते,
कपडे धुण्याच्या यंत्रांशेजारी.
लोरीन हॅचेट, वय एकसष्ट, शिलाई विभाग.
विभाग म्हणजे मी आणि एक मशीन.
जर्सीवर नाव घालायचं, हे माझं काम.
अलीकडे, जास्त करून, काढायचं.

पूर्वी पोरगं आलं की चार वर्षं राहायचं,
दोरा विटायचा, नाव नाही.
आता डिसेंबर लागला की वरून याद्या येतात:
हा टेक्सासला चालला, तो ओरेगॉनला,
तिकडचा कुणी तेलवाला जास्त देतो म्हणे.
मी पोरांना बोल लावत नाही.
मागच्या साली कोचला घालवलं,
तर न शिकवण्याचे एक कोटी दहा लाख
त्याला हप्त्याहप्त्यानं पोचतात.
त्याच आठवड्यात पोहण्याचा तलाव रिकामा केला,
परवडत नाही म्हणून.
मुलींचे अठ्ठावीस पोशाख मीच खोक्यात भरले.
एक अजून ओला होता.

ट्रेमेल ओडम. चव्वेचाळीस नंबर.
पहिल्या दिवशी खाली आला, दारात खांदे तिरके करून,
म्हणाला, मॅडम, शिवताना बघू का?
ओ. डी. ओ. एम.
मशीनकडे असा बघत राहिला
जसं काही त्याचं बारसं चाललंय.

त्याची आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
तिच्याही छातीवर नाव असतं,
चिकटपट्टीवर, मार्करनं लिहिलेलं.
पहिल्या सामन्याला आली, माझा हात हातात घेतला,
म्हणाली, पोरानं नाव काढलं आमचं.

मग तो हायवेवर गादीच्या जाहिरातीत झोपला,
ट्रकच्या शोरूमबाहेर पुठ्ठ्याचा होऊन उभा राहिला,
पावसात कानाकडून सुटत गेला.
जर्सी एकशे चाळीसला, रांगा लावून.
लोक म्हणायला लागले, पोरगं फार पैशाकडे बघतं.
पार्किंगचे चाळीस मोजता मोजता म्हणायचे.

ऑक्टोबरात गुडघा गेला.
आवाज मी ऐकला नाही, वरचा गलका ऐकला,
आणि मग गलका थांबल्याचा.

डिसेंबरच्या यादीत चव्वेचाळीस होता.
पुढे लिहिलेलं:
‘अन्यत्र संधी शोधण्यास सुचवले आहे.’

उसवताना घाई चालत नाही.
घाई केली की कापड फाटतं,
आणि कापड कंपनीचं आहे, करारातलं.
एकेक टाका उचलायचा, कापायचा, ओढायचा.
मांडीवर दोऱ्यांचा भुगा.
जर्सी दिव्यासमोर धरली
तर भोकाभोकांतून अजून वाचता येतं: ओडम.
पण जर्सी दिव्यासमोर धरतंय कोण?
वरच्या दुकानात त्याची उरलेली चाळीस
टोपलीत टाकलीत, पंधराला एक.
त्याच्या आईनं दोन घेतल्या, पावती मागून घेतली.
मी जिन्याआड थांबले, ती जाईपर्यंत.
तिला काय सांगणार होते,
की तुमचं नाव मी काढलं?

वर साडेनऊ कोटींचा नवा पडदा बसवतायत,
चंद्रावरून स्कोअर दिसेल एवढा.
खाली हुकूम आहे, अक्षरं जपून काढा, पुन्हा वापरा.

नवा पोरगा आयोवाचा. ब्रॅनसन लूमिस.
एल डब्यात होता, आय होता, एसही होता.
दोन ओ लागले, एक एम.
ते हाताशीच होते, अजून कडेला
जुन्या दोऱ्याचे केस असलेले.
तोही आला खाली. म्हणाला, बघू का?
मी म्हटलं, बस.

सहा अक्षरं झाली.
डी उरला.
पालथा करून पाहिला, पुसला,
बिस्किटाच्या डब्यात टाकला.
लागतो कुणाला ना कुणाला.